अकरा शेळ्या, एक टॉवेल

३ सप्टेंबर, सोमवार. सकाळी सव्वासात.

ही गेली. मोठ्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, तीन आठवडे तिकडेच. बस सुटेपर्यंत खिडकीतून सूचना चालू होत्या. शेवटच्या सूचनेला ड्रायव्हरनेही मान डोलावली. मी नाही.

आजपासून गोठा माझ्या ताब्यात. अकरा दुभत्या शेळ्या. सहा वर्षं ही एकटी सगळं करते आणि मी बाहेरून बघतो. बाहेरून बघणाऱ्यालाच दोष दिसतात. साबणाच्या कारखान्यात चोवीस वर्षं क्वालिटीत काढली. वडी नुसती हातात घेतली की कळायचं. दूध म्हणजे तरी काय, न गोठलेला साबण.

दिवस महत्त्वाचे आहेत. १४ तारखेला चीजवाल्या बाईंना दुधाचा नमुना द्यायचाय. पास झाला तर वर्षभर रोजचं सगळं दूध त्या घेणार. ही दोन वर्षं त्यांच्या मागे लागली आहे. मागच्या महिन्यात बाई स्वतः गोठा बघायला आल्या आणि मास्तरीणीवर भाळून गेल्या. मास्तरीण ही या गोठ्यातली पहिली पैदास. हिच्या हातावर जन्मलेली. बाकीच्यांनी दंगा केला की चष्म्यावरून बघावं तशी बघते. आज जाताना हिने माझा निरोप एका मिनिटात घेतला. मास्तरीणीचा निरोप चालला होता म्हणून आम्ही बसला धावत गेलो.

संकल्प: ही परत येईपर्यंत दूध अशा लेव्हलला न्यायचं की हिला शब्द सुचू नयेत.

उजव्या अंगठ्याच्या नखाशी जरा ठसठसतंय. नखुरडं असावं. दुर्लक्ष.

४ सप्टेंबर, मंगळवार.

गोठ्याच्या दारावर हिने कागद चिकटवलाय. हात साबणाने धुवा. पहिल्या दोन धारा काळ्या वाटीत काढा, गुठळी दिसते का बघा. प्रत्येकीला वेगळा फडका. निरोगी आधी, वकीलीण सगळ्यात शेवटी, कारण मागच्या वर्षी तिला कासेची दगडी झाली होती. धार झाली की सड औषधात बुडवा. मग लगेच चारा टाका, अर्धा तास कोणाला बसू देऊ नका. अडलं तर आईला विचारा.

भाषा हुकूमशाहीची आहे. शेवटच्या कलमावर तर मला बोलायचंच नाही. आई म्हणजे माझ्या सासूबाई. गुडघे गेले, जीभ शाबूत. स्वयंपाकघराच्या खिडकीत एका डुगडुगत्या खुर्चीवर बसलेल्या असतात. समोर गोठ्याचं दार. आज बादली घेऊन निघालो तर खिडकीतून म्हणाल्या, जावईबापू, हात? मी दोन्ही हात वर करून दाखवले. म्हणाल्या, दोन आहेत ते माहितीये मला, धुतलेत का?

चोवीस वर्षं साबण केलेल्या माणसाला हा प्रश्न.

पहिली धार. दोन तास दहा मिनिटं लागली. ही चाळीस मिनिटांत उरकते, म्हणजे घाई करते. वकीलीणीने (सतत हुज्जत घालते म्हणून वकीलीण) माझा अर्ज हात लागायच्या आत फेटाळला. बादली पालथी, लाथ मांडीवर. शेवटी सासूबाई काठी टेकत आल्या, स्टुलावर बसल्या आणि गप्पा मारत मारत तिचं दूध काढून मोकळ्या झाल्या. तिला म्हणत होत्या, शहाणी गं माझी ती, तुला माणसं कळतात.

ठरलं: वकीलीणीचं खातं सासूबाईंकडे. आजारी जनावर त्यांच्या गळ्यात गेलं ते बरंच झालं. माझ्याकडे दहा. टीम छोटी आणि दर्जेदार असावी.

६ सप्टेंबर, गुरुवार.

दोन दिवस निरीक्षण केलं. आज सुधारणा.

एक. फडके. रोज अकरा फडके भिजवा, उकळा, वाळवा. चैन आहे ही. कारखान्यातून निघताना मला एक टॉवेल मिळाला होता, जाड, कंपनीचं चिन्ह भरतकाम केलेलं. सहा वर्षं कपाटात पडून आहे कारण ही म्हणते पाहुणे आले की काढू. आजपासून तो सगळ्यांना. कासेत भेदभाव नाही.

दोन. सड बुडवायचं औषध बंद. सड तपकिरी होतात, प्रेझेंटेशन जातं.

तीन. काळी वाटी बंद. पहिल्या दोन धारा फेकायच्या, तेही दिवसातून दोनदा, दहा शेळ्यांच्या? शिवाय वाटीत बघून बघून माणूस संशयी होतो. हिचं तेच झालंय.

चार. धार झाली की शेळीला ताबडतोब आडवं व्हायला मोकळीक. कामानंतर विश्रांती हा मूलभूत हक्क आहे. कारखान्यात आम्ही यासाठी भांडलो होतो. आज दहाच्या दहा जणी धार झाल्या झाल्या ओल्या जमिनीवर पसरल्या. चेहऱ्यावर समाधान.

नवीन कागद टाइप करून हिच्या कागदावर चिकटवला आणि खाली शिक्का मारला. शिक्का माझा जुनाच आहे. 'तपासले. ठीक.' निवृत्तीच्या दिवशी परत करायचा राहून गेला. शिक्का उमटल्याचा आवाज ऐकून बरं वाटलं. कोणी काही म्हणो, शिक्क्याशिवाय गोष्ट पूर्ण होत नाही.

सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, काय ठोकताय? मी दार लावून घेतलं. हायजिन.

अंगठा लाल. कामाचा अंगठा आहे, दिसायचाच.

९ सप्टेंबर, रविवार.

मोठा शोध.

औषधांच्या कपाटात हिची फळी सापडली. प्लास्टिकची, चार वाट्या कोरलेली. सोबत जांभळ्या औषधाची बाटली. लेबल पुसट. दर रविवारी ही वाटीत थोडं दूध घेते, तेवढंच औषध घालते आणि फळी गोल गोल फिरवते. मागच्या वर्षी एकदा मी शेजारी उभा होतो. म्हणाली होती, हे बघा, हे घट्ट झालं. चेहरा गंभीर होता. पण आनंदाच्या क्षणी ही गंभीरच असते, आमच्या लग्नाच्या फोटोत बघावं.

म्हणजे ही दुधाच्या कसाची परीक्षा! जितकं घट्ट, तितकं सकस. आणि इतकी वर्षं मला कोणी सांगितलं नाही.

सगळ्यांची परीक्षा घेतली. काळी: मस्त घट्ट. थोरली: घट्ट. फेंगडी: जवळजवळ जेली, फळी तिरकी केली तरी जागची हलेना. बाकीच्या मध्यम. मास्तरीण: पाणी. नुसतं पाणी. हिची लाडकी! मी काही बोललो नाही, पण मास्तरीणीला समजलं असावं.

मेरिट लिस्ट तयार केली. उद्यापासून धारेचा क्रम गुणांप्रमाणे. फेंगडी पहिली, मग काळी, मग थोरली, आणि असं करत शेवटी मास्तरीण. त्याच टॉवेलने, म्हणजे वरच्यांचा गुण खालच्यांना लागेल.

११ सप्टेंबर, मंगळवार.

हिचा फोन. बहिणीला वॉकर मिळाला. मग म्हणाली, अहो, रविवारी फळी लावलीत का? मी म्हटलं, म्हणजे काय, लावली. म्हणाली, मग? मी म्हटलं, हळूहळू सगळ्या वर येताहेत. म्हणाली, वर म्हणजे? मी म्हटलं, आलीस की बघशील. म्हणाली, मास्तरीण? मी म्हटलं, थोडी मागे आहे, पण मी तिच्यावर वैयक्तिक लक्ष देतोय. तिकडे बहिणीने हाक मारली म्हणून ठेवला.

फोन ठेवल्यावर सासूबाई म्हणाल्या, काय म्हणत होती? मी म्हटलं, समाधानी आहे. म्हणाल्या, माझी मुलगी? फोनवर दुसरं कोणी असेल.

अंगठा सुजलाय. टॉवेलचीच कड फाडून पट्टी बांधली. धारेच्या वेळी मात्र सोडतो. दुधाच्या कामाला स्पर्श लागतो.

१३ सप्टेंबर, गुरुवार. दुपारी.

गाळणीत पांढरे कण. आधी दचकलो. मग लक्षात आलं, साय. कासेतच साय धरायला लागली आहे. इतक्या कसाचं दूध असल्यावर दुसरं काय होणार.

सासूबाईंना गाळणी दाखवायला नेली, कौतुक होईल म्हणून. डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, काळ्या वाटीत काय दिसतं? मी म्हटलं, ती पद्धत आपण बंद केली. म्हणाल्या, आपण म्हणजे कोण कोण? मी म्हटलं, व्यवस्थापन. म्हणाल्या, व्यवस्थापनाला सांगा, ही साय नाही, आणि मला मुलीशी बोलायचंय. मी हात जोडले. सरप्राइज आहे, दहा-अकरा दिवस थांबा, तिकडे आजारपण चाललंय, त्यात ही भर नको. मोठ्या लेकीचा गुडघा म्हटल्यावर विरघळल्या. गुडघा हा त्यांचा विषय आहे.

संध्याकाळी.

मास्तरीण पास!!! उजव्या बाजूचं दूध: जेली. मध्ये टोक निघालं, डोंगरासारखं. चार दिवसांत पाण्याची जेली. कोणत्याही क्लासला हे जमलेलं नाही. मेरिट लिस्टमध्ये एकदम पहिली. उद्याच्या नमुन्यात तिला घ्यायचंच.

१४ सप्टेंबर, शुक्रवार.

नमुना दिला. हिने सांगितलं होतं, सगळ्यांचं एकत्र केलेलं दूध द्या. मी विचार केला, परीक्षेला वर्गातली हुशार मुलं पाठवतात की ढ? मास्तरीण, फेंगडी, काळी. फक्त टॉप थ्री. वकीलीणीचं पातळ दूध त्यात पडू नये म्हणून सासूबाईंची चरवी वेगळी ठेवली.

बाटलीवर लेबल, लेबलवर शिक्का. तपासले. ठीक.

बाईंचं दुकान नीटनेटकं, पांढऱ्या फरश्या, काउंटरमागे चीजच्या चकत्या ओळीने मांडलेल्या. बाटली उजेडात धरून म्हणाल्या, आज जरा वेगळं दिसतंय. मी म्हटलं, दिसणारच, आता क्वालिटीचा माणूस बसलाय. म्हणाल्या, आणि वहिनी? मी म्हटलं, रजेवर. बाटली लॅबकडे पाठवते म्हणाल्या.

येताना न्हाव्याकडे मिशी कोरून घेतली. चीजच्या दुकानात फोटो लागला तर बरा दिसायला हवा.

१६ सप्टेंबर, रविवार.

मास्तरीणीची कास उजवीकडून भरगच्च. टणक. गरम. उत्पादनवाढीचं लक्षण.

दूध मात्र पाव लिटर. पिवळसर, पाण्यासारखं, आत दाणे.

खुराक खाल्ला नाही. डाएट करत असेल, हल्ली वजन वाढलं होतं. हात लावला तर पाय उचलून ओरडली. मास्तरीण कधी ओरडत नाही, ओरडणाऱ्यांकडे बघते. आज बघितलंही नाही. डोळे मिटून, मागचे पाय फाकवून, कोपऱ्यात तोंड करून उभी होती.

तिच्याजवळ बसलो थोडा वेळ. हिला फोन लावावा असं वाटलं. नंबरही काढला. मग विचार केला, तिकडे आजारपण आहे, हिला कशाला त्रास. हिचा विचार करणारं घरात दुसरं कोण आहे?

१७ सप्टेंबर, सोमवार. सकाळी दहा.

चीजवाल्या बाईंचा फोन. रिपोर्ट आला! म्हणाल्या, आकडा बघून मी लॅबला परत फोन केला, शून्य जास्त पडलं का विचारायला. मी म्हटलं, नाही हो, आमच्याकडे मेहनतच तशी आहे. पलीकडून कागद पुन्हा उलटल्याचा आवाज आला. भारावल्या असाव्यात. मग म्हणाल्या, वहिनींचा नंबर द्या. कौतुक परस्पर हिच्याकडे जाणार हे मला माहीत होतंच. असो. दिला.

दहा-वीस.

हिचा फोन. घेतला नाही. धार काढायची होती.

दहा-पंचवीस.

पुन्हा. धार चालूच.

दहा-तीस.

घरातल्या फोनची रिंग. सासूबाईंनी घेतला. खिडकीतून त्यांचं एकच वाक्य ऐकू आलं: अगं, ते दार लावून घेतात.

दुपारी दोन.

सासूबाई काठी टेकत गोठ्यात. मास्तरीणीच्या कासेला हाताची पाठ लावली आणि म्हणाल्या, दगडी. मग टॉवेलकडे बघितलं. मग दारावरच्या कागदाकडे. मग माझ्याकडे. या क्रमाने त्यांचा चेहरा उतरत गेला. डॉक्टरला त्यांनीच बोलावलं.

दुपारी चार.

डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. मला काका म्हणते. पहिल्या वाक्यापासून.

मास्तरीणीला तपासलं, थर्मामीटर लावला, इंजेक्शन दिलं, सडातून औषधाची ट्यूब सोडली. मग बाकीच्यांची फळी लावली. मी तिला वेळ वाचावा म्हणून मेरिट लिस्ट दिली. ती वाचत राहिली. म्हणाली, काका, हे काय आहे? मी समजावून सांगितलं. म्हणाली, म्हणजे जी सगळ्यात घट्ट तिची धार सगळ्यात आधी? मी म्हटलं, गुणवत्तेला प्राधान्य. ती बादली उलटी करून तिच्यावर बसली.

तिचं म्हणणं असं. कासेला संसर्ग झाला की शरीर लढायला पांढऱ्या पेशी पाठवतं. त्या दुधात उतरतात. औषधाने त्या फुटतात आणि दूध घट्ट होतं. तुमचा पहिला नंबर म्हणजे सगळ्यात आजारी शेळी, काका. ही मेरिट लिस्ट नाही, ही आजाऱ्यांची यादी आहे, आणि तुम्ही रोज आजाऱ्यांपासून सुरुवात करून एकाच टॉवेलने आजार खालपर्यंत पोचवलात.

मीही तयारीने होतो. हिच्या कपाटातली पुस्तिका मी काल चाळली होती. म्हटलं, शेळीच्या दुधात पेशी मुळातच जास्त असतात, असं छापलंय. म्हणाली, असतात, गाईपेक्षा जास्त असतात. पण तुमच्या नमुन्याचा आकडा मी ऐकला. ते दूध नव्हतं काका, ती जनगणना होती.

खिडकीतून सासूबाई हसल्या. चार दिवसांत पहिल्यांदा.

जाताना डॉक्टर टॉवेल उचलून म्हणाली, हा कोणाचा? मी म्हटलं, सगळ्यांचा. पिशवीत भरला. सगळ्यांच्या दुधाचे नमुने घेतले. मग माझ्याकडे वळली आणि म्हणाली, काका, अंगठा. मी म्हटलं, किरकोळ आहे. म्हणाली, किती दिवस? मी म्हटलं, पंधरा. तिने कापसाचा बोळा माझ्या नखुरड्यावर फिरवून नळीत घातला आणि वर चिठ्ठी लावली. चिठ्ठीवर 'शेळी क्र. १२' असं लिहिलंय. म्हणाली, फॉर्ममध्ये दुसरा रकाना नाही.

१८ सप्टेंबर, मंगळवार.

धार सासूबाईंनी आणि डॉक्टरने मिळून काढली. मला उंबऱ्याच्या बाहेर उभं केलं. सगळं दूध फेकलं.

मी शांतपणे विचार केला. हा वकीलीणीचा हात आहे. मागच्या वर्षी दगडी कोणाला झाली होती? तिला. बाकीच्यांपर्यंत कोणी पोचवली? तिने. साधं तर्कशास्त्र. तिला वेगळं बांधावं अशी लेखी सूचना काढली. शिक्का मारला. सासूबाईंनी सूचना वाचून वकीलीणीला खायला दिली. तिने खाल्ली.

२० सप्टेंबर, गुरुवार.

लॅबचा रिपोर्ट. दहा शेळ्यांत एकच जंतू. टॉवेलवर तोच, भरपूर. शेळी क्र. १२, म्हणजे अंगठा: तोच.

वकीलीण: स्वच्छ.

डॉक्टर म्हणाली, ज्या दहा जणींना काकांचा हात लागला त्या दहा आजारी, जिने लावू दिला नाही ती ठणठणीत. मी म्हटलं, एका शेळीवरून निष्कर्ष काढता येत नाही, डेटा कमी आहे. म्हणाली, हो, अजून दोघी-तिघींनी लाथ मारायला हवी होती.

२१ सप्टेंबर, शुक्रवार.

ही आली. बहिणीला भाच्याच्या भरवशावर सोडून, तीन दिवस आधी.

ओरडली नाही. मी भाषण तयार ठेवलं होतं, ते ओरडण्यावर बेतलेलं होतं, वाया गेलं. पिशवी ओट्यावर ठेवली, मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि सरळ गोठ्यात. मी दारातून बघत होतो. मास्तरीणीने मान वर केली आणि एकदाच आवाज केला, बारीक, करडासारखा. ही तिच्या मानेत तोंड घालून उभी राहिली. किती वेळ ते मी मोजलं नाही. मोजायची सवय आहे तरी.

बाहेर आली आणि म्हणाली, अहो, अंगठा दाखवा. दाखवला. मला मोरीवर नेलं आणि माझा हात धुतला. नखाच्या कडा, बोटांच्या बेचक्या, मनगट. आमच्याच कंपनीचा साबण होता. चोवीस वर्षांत त्याचा इतका फेस मी पाहिला नव्हता.

मग एवढंच म्हणाली, दोन वर्षं मागे लागले होते हो मी बाईंच्या.

मी म्हटलं, नमुना चांगला जावा म्हणूनच तर. म्हणाली, माहितीये. तेच तर.



२५ सप्टेंबर, मंगळवार.

माणसांच्या डॉक्टरने अंगठा कापून पू काढला. मला सात दिवस गोळ्या. मास्तरीणीला पाच. म्हणजे माझा आजार जास्त गंभीर होता, आणि तो मी कोणालाही न सांगता सोसला, याची नोंद घरात कोणी घेतलेली नाही.

ही चीजवाल्या बाईंकडे जाऊन आली. बाई म्हणाल्या, तुमच्याकडे बघून एक संधी. ८ ऑक्टोबरला पुन्हा नमुना, सगळ्या शेळ्यांचं एकत्र दूध. आकडा खाली आला नाही तर त्या दुसऱ्या फार्मवरून घेणार, बोलणं चालू आहे. मी म्हटलं, मी येतो सोबत, गैरसमज दूर करतो. ही म्हणाली, तुम्ही गोळी घेतलीत का?

१ ऑक्टोबर, सोमवार.

दूध अजून फेकतात. औषधाचा अंश जाईपर्यंत विकायचं नाही. दहा जणींचं दूध रोज सकाळ-संध्याकाळ खड्ड्यात. सासूबाई खिडकीतून बघतात आणि माझ्याशी काही बोलत नाहीत. त्या बोलत होत्या तेव्हा बरं होतं.

माझ्याकडे फडक्यांचं काम. अकरा फडके उकळायचे, पिळायचे, उन्हात टाकायचे. गोठ्याबाहेर. पिळायला डावा हात वापरतो. एक निरीक्षण नोंदवतो: अकरा फडके उकळायला वीस मिनिटं लागतात. वीस मिनिटंच.

मास्तरीणीचा ताप उतरला. डावी बाजू चांगली. उजवी बाजू या वेतापुरती गेली, आटवावी लागली. पुढच्या वेताला बघू, असं डॉक्टर म्हणाली. डॉक्टर लोक 'बघू' म्हणतात तेव्हा ते दुसरीकडे बघत असतात.

८ ऑक्टोबर, सोमवार.

सकाळी हिने फळी लावली. मी दाराबाहेरून बघितलं. एकेक वाटी फिरत होती, पातळ. फेंगडी पाणी. काळी पाणी. मास्तरीण, डावी बाजू, पाणी. इतकं पाणी बघून मी टाळ्या वाजवल्या. हिने वळून बघितलं, चेहरा गंभीर. पण या वेळी मी काही अर्थ काढला नाही.

नमुना हीच घेऊन गेली. बाटलीवर शिक्का मारू का विचारलं. नको म्हणाली.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार.

पास.

बाईंचं पत्र आलं. वर्षभराचा करार, हिच्या नावाने. कलम चार मी स्वतः वाचलं: धार काढताना आणि नमुना भरताना करारकर्तीचे पती गोठ्यात उपस्थित नसावेत. टाइप केलेल्या पत्रात हे एकच कलम हाताने लिहिलंय. हिने वाचलं, सही केली आणि मास्तरीणीला सांगायला गेली. मला आधीच माहीत होतं म्हणून मला सांगितलं नसावं.

दारावरचा माझा कागद उतरला. खाली हिचा जुना होताच, त्याच्या शेजारी आता धारेच्या क्रमाची नवीन यादी. एक नंबरला वकीलीण. मग बाकीच्या. अकरावी मास्तरीण, पुढे कंसात 'एक सड, जपून'. त्याखाली बारा: 'हे. अंगठा पूर्ण बरा झाल्यावर बघू.'

ही 'बघू' म्हणते तेव्हा कुठे बघत असते, ते यादीवरून कळत नाही.

नियमाप्रमाणे आजारी शेवटी. यादी बरोबर आहे. क्वालिटीत होतो, चूक काढायला दोनदा वाचली. सापडली नाही. म्हटलं शिक्का तरी मारून टाकू. ड्रॉवर बघितला, कपाट बघितलं, मिळेना. सासूबाईंना विचारलं. इतक्या दिवसांनी बोलल्या. म्हणाल्या, खुर्चीच्या पायाखाली आहे, जावईबापू, बरोबर मापाचा निघाला. बसून बघा.

बसून बघितलं. डुगडुगत नाही.